चांद्याच्या रानवाटेवरचा पाद्री

दावत आणि तबलीग हे शब्द आपल्या घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत. कुठल्या ना कुठल्या मोहल्ल्यातून जमात निघते, दुसऱ्या गावच्या मशिदीत उतरते, चार दिवस राहते आणि पुढच्या गावाला जाते. आपली श्रद्धा दुसऱ्याच्या दारापर्यंत न्यायची तर ती कोणत्या भाषेत न्यायची, त्या वेळी राज्यसत्तेशी आपले नाते काय असावे, आणि ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याच्यापाशी आधीचीच एक श्रद्धा आहे याची दखल किती घ्यायची, हे प्रश्न मात्र आपल्याकडे फारसे चर्चेला येत नाहीत. आपण आपल्याच माणसांविषयी लिहितो तेव्हा आदर आड येतो. म्हणून या लेखात एका परक्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. तो मुसलमान नव्हता, हिंदुस्थानीही नव्हता. सत्ताविसाव्या वर्षी तो समुद्र ओलांडून आला, नागपूरला राहिला, चांद्याच्या रानापर्यंत फिरला आणि सेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हायच्या आत एका नाल्यात बुडून मरण पावला. त्याचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आपली कितीतरी मुले शिकली. १८८३ साली हे कॉलेज सुरू झाले तेव्हा ज्याचे नाव त्याला दिले गेले तो माणूस कोण होता, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असते.

नागपूरला आगमन

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. लहानपणी भावाबरोबर किडे आणि दगड गोळा करण्याचा त्यांना नाद होता. पुढे त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. धर्मगुरूंच्या नेमणुकीत सरकारचा आणि जमीनदारांचा हात नको, असे म्हणणारे शेकडो पाद्री आपली घरे आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिस्लॉप याच नव्या चर्चचे मिशनरी होते. धर्माने सत्तेच्या ताटाखालचे मांजर होऊ नये, या आग्रहातून जन्मलेल्या चर्चचा हा तरुण होता, ही गोष्ट पुढचे वाचताना लक्षात ठेवावी.

लग्न करून, पत्नी एरॅस्मा यांच्यासह ते १८४४ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. सीताबर्डीला इंग्रज रेसिडेंट बसत असे आणि कामठीला मद्रासी पलटणींची छावणी होती. या मिशनसाठी पैसा दिला होता कामठीच्या छावणीतल्याच एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. म्हणजे चर्च स्वतंत्र असले तरी उभे राहायला जागा मिळाली ती छावणीच्या सावलीत. ही विसंगती हिस्लॉप यांच्या साऱ्या आयुष्यात दिसते.

त्यांच्या आधीही काही जण या रानात येऊन गेले होते. १८४० नंतर लगेचच काही जर्मन मिशनरी अमरकंटकजवळच्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. त्यांच्यात कारागीरही होते. हाताने काम करून खायचे आणि धर्म सांगायचा असा त्यांचा बेत होता. थोड्याच काळात रोगाने त्यांतले चौघे गेले. उरलेले नागपूरकडे परतले आणि पुढे फ्री चर्चच्या कामात मिसळले. करंजियाच्या त्या कबरींची खबर हिस्लॉप यांना होतीच. हे करंजिया गाव या लेखात आणखी एकदा येणार आहे.

दिनक्रम आणि भाषा

परमुलखात आलेल्या तरुण मिशनऱ्याचा दिवस भाषेपासून सुरू होत असे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीच छापला गेला होता आणि बायबलची मराठी भाषांतरेही झाली होती. पण कोश घेऊन बाजारात उभे राहता येत नाही. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली. कामठीच्या छावणीत मद्रासकडचे शिपाई, त्यांची बायकामुले आणि बाजारबुणगे यांच्यात तमिळ आणि तेलुगू बोलली जाई, म्हणून त्या भाषांकडेही त्यांना वळावे लागले. एका माणसाच्या कानावर एकाच आठवड्यात मराठी, हिंदुस्थानी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी पडत असे, असा तो मुलूख होता. कामठी आजही तशीच मिश्र आहे. याच कामठीत पुढे बाबा ताजुद्दीन यांचे बालपण गेले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

१८४६ च्या मे महिन्यात हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा उघडली. सकाळ शाळेत जाई. संध्याकाळी बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला उभे राहून ते लोकांशी बोलत, वाद घालत. रविवारी इंग्रजांसाठी प्रार्थना असे. मुलींच्या शिक्षणाकडे एरॅस्माबाई लक्ष देत. १८४७ साली रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. हे हंटर १८५५ च्या सुमारास प्रकृतीमुळे परत गेले आणि त्यांनी नंतर इंग्रजीचा एक अवाढव्य ज्ञानकोशीय शब्दकोश रचला.

शाळेत मुले येत, पण बाप्तिस्मा घेणारे मोजकेच निघाले. उच्चवर्णीय घरांतल्या मुलांना इंग्रजी हवी होती, धर्म नको होता. एखादा मुलगा धर्मांतराला तयार झाला की शहरात गडबड उडे, शाळेतून मुले काढून घेतली जात आणि प्रकरण राजाकडे आणि रेसिडेंटकडे जाई. एका ब्राह्मण विद्यार्थ्याने मिशनचा आश्रय घेतला तेव्हा इंग्रज रेसिडेन्सीनेच त्याला राजाच्या हवाली केले आणि त्याला बंदीत राहावे लागले. इंग्रज सत्ता म्हणजे मिशनऱ्यांची पाठराखी, असे आपण सरसकट धरतो. हकीकत तेवढी सोपी नव्हती. कंपनी सरकारला महसूल आणि शांतता हवी होती. पाद्र्यामुळे बाजारात दंगा झालेला तिला परवडत नव्हता.

शाळेबाहेरच्या अन्यायांवरही हिस्लॉप लिहीत. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले, गादीला वारस नाही असे ठरवून १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले आणि त्याबरोबर चांदाही इंग्रजांकडे गेला. नव्या अमलातल्या न्यायखात्यातील गैरकारभारावर हिस्लॉप यांनी वृत्तपत्रांतून टीका केली. आपल्याच जातभाईंच्या कारभाराविरुद्ध लेखणी उचलणे त्या काळच्या छोट्याशा गोऱ्या वस्तीत सोपे नव्हते.

दक्षिणेकडची वाट

पावसाळा सरला की फिरती सुरू होई. थंडीच्या दिवसांत मिशनरी तंबू, पुस्तके आणि थोडे सामान घेऊन गावोगाव जात. मुक्काम आमराईत, नाहीतर तळ्याकाठी. हिस्लॉप यांच्या सामानात धर्मग्रंथांबरोबर दगड फोडण्याची हातोडी असे. १८५१ साली नागपूरजवळ टाकळीच्या बाजूला हंटर आणि ते संध्याकाळी फिरायला गेले असता टेकडीतल्या मातीच्या एका थरात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे अवशेष त्यांना दिसले. तिथून हा छंद गंभीर अभ्यासात बदलला. नागपूर परिसराच्या भूस्तरांवर दोघांनी लिहिलेला प्रबंध लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ साली आला.

चांद्याच्या रानाचे नाव जगाच्या शास्त्रीय लिखाणात याच वाटेने शिरले. चांदा भागातील मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने १८५५ साली तिला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. हा प्राणी सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. प्राणहितेपलीकडच्या मालेरी येथून हिस्लॉप यांनी मिळवलेल्या माशांच्या दातांवर भूवैज्ञानिक ओल्डहॅम यांनी १८५९ साली लिहिले. सिरोंचाजवळच्या कोटा गावचा चुनखडक तर अभ्यासकांना चांगलाच परिचित आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. तिथला दगड झालेला ओंडका पाहायला मुलांना नेले तर त्यांना हेही सांगावे, की या नदीखोऱ्याची पहिली नोंद करणाऱ्यांत बायबल खाकोटीला मारून फिरणारा एक पाद्री होता. हिस्लॉपाइट नावाचे हिरवट खनिजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पृथ्वीचे वय कोट्यवधी वर्षे आहे, ही गोष्ट त्या काळच्या पुष्कळ धार्मिक ख्रिस्ती माणसांना पचत नव्हती. हिस्लॉप यांनी श्रद्धाही सोडली नाही आणि हातोडीही खाली ठेवली नाही. निर्मिती नीट पाहणे हाही निर्मात्याला ओळखण्याचा मार्ग आहे, अशी ही दृष्टी होती. कुदरतीच्या निशाण्यांवर विचार करण्याची आज्ञा आपल्याही दीनमध्ये वारंवार आली आहे. ती आज्ञा आपण किती पाळली, हे ज्याने त्याने पाहावे.

लिंगोचे गाणे

चांद्याच्या वाटेवर हिस्लॉप यांना सर्वांत जास्त ओढ लागली ती गोंडांची. नागपूर आणि चांदा ही दोन्ही मुळात गोंड राजांची शहरे. चांद्याच्या गोंड राजांनी बांधलेला परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर हे दरवाजे आजही उभे आहेत. १७५१ साली चांद्याचे गोंड राज्य भोसल्यांकडे गेले. हिस्लॉप यांच्या काळी गोंड जमीनदार रानात उरले होते आणि सामान्य गोंड सावकार, ठेकेदार आणि सरकारी शिपाई यांच्या धाकाखाली जगत होता.

या लोकांना काही धर्म नाही, ते केवळ भुतेखेते पुजतात, अशी समजूत शहरी हिंदूंत होती, मुसलमानांत होती आणि इंग्रजांतही होती. हिस्लॉप धर्मांतर करायला आले होते, त्यामुळे गोंडांची श्रद्धा त्यांना अपुरी वाटत होती यात शंका नाही. पण त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. ते ऐकायला बसले. गोंडांच्या ‘साडेबारा जाती’ कोणत्या, राजगोंड कोण, ओझा कोण, कोलाम कोण, चांद्याच्या पूर्वेच्या डोंगरांत राहणारे माडिया कसे राहतात, लग्न कसे लागते, मेलेल्याला कसे निरोप देतात, हे त्यांनी टिपून ठेवले. गोंडी आणि इतर बोलींतले शब्द जमवले.

गोंडांची वंशावळ आणि गाणी परधान गातात. एका परधानाच्या तोंडून हिस्लॉप यांनी लिंगोची कथा उतरवून घेतली. गोंड देवांना गुहेत कोंडले होते, लिंगोने त्यांना सोडवले, त्यांची कुळे बांधली, लग्नाचे नियम घालून दिले, अशी ती दीर्घ कथा आहे. पहांदी पारी कुपार लिंगो हे नाव आज गोंड समाजात आदराने घेतले जाते आणि गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला दरवर्षी मोठी यात्रा भरते. त्या कथेचे सर्वांत जुने लेखी रूप हिस्लॉप यांच्या कागदांत सापडते. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते कागद संपादित करून १८६६ साली नागपुरात प्रसिद्ध केले. गोंडी मूळ रोमन लिपीत आणि शेजारी इंग्रजी भाषांतर, असे त्याचे स्वरूप आहे. ज्यांचा धर्म बदलायला तो आला होता त्यांच्याच धर्माचा दस्तऐवज त्याच्या हातून जपला गेला.

आपल्या इतिहासातही गोंडांशी जुने नाते आहे. देवगडच्या गोंड राजघराण्यातील बख्त बुलंद शाह यांनी औरंगजेबाच्या काळात इस्लाम स्वीकारला. नागपूर शहर वसवले ते त्यांनीच, अठराव्या शतकाच्या आरंभी. त्यांनी हिंदू आणि मुसलमान शेतकरी, कारागीर बाहेरून आणून वसवले. पण गोंड आप्तांशी असलेले नाते त्यांच्या घराण्याने तोडले नाही आणि प्रजेवर धर्म लादला नाही. विदर्भातल्या गोंडांमध्ये इस्लाम पसरला नाही, याची खंत काही जण बोलून दाखवतात. मला त्यात वेगळीच खंत वाटते. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण या लोकांचे शेजारी आहोत, बाजारात त्यांच्याकडून मोह आणि चारोळी विकत घेतो, पण गोंडी किंवा माडिया भाषेवर आपल्यातल्या कुणी दहा पाने लिहून ठेवली आहेत काय?

सत्तावनचे साल

आता कठीण भाग. १८५७ च्या जूनमध्ये नागपूरच्या घोडदळात उठावाची तयारी झाली. १३ जूनची रात्र ठरली होती. मिशनच्या बाजूने लिहिलेल्या चरित्रात असे सांगितले आहे की, हिस्लॉप यांच्या ओळखीच्या एका मुसलमान माणसाने, ज्याच्यावर त्यांचे उपकार होते, त्यांना आधी सूचना दिली आणि हिस्लॉप यांनी ती अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली. उठाव फसला. मद्रासी पलटणी इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बाकाबाई यांनीही आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ दिले नाही. दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान आणि नवाब कादर खान यांना फाशी देण्यात आले. सीताबर्डीच्या किल्ल्यात नऊ शहिदांच्या कबरी दाखवल्या जातात आणि लोक तिथे श्रद्धेने फातिहा पढतात.

पुढच्या वर्षी चांद्याच्या रानात वणवा पेटला. मार्च १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या फौजेत गोंडांच्या खांद्याला खांदा लावून रोहिले लढत होते, ही नोंद इंग्रजांच्याच कागदांत आहे. एप्रिलअखेर चिंचगुंडी येथे तार खात्याचे दोन इंग्रज मारले गेले. शेवटी इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यावर दाब आणला आणि बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी दिली. व्यंकटराव बस्तरकडे निसटले, पण १८६० साली तेही हाती लागले आणि त्यांना जन्मठेप झाली. गोंड आणि रोहिला एकाच रानात एकाच शत्रूशी लढले, ही गोष्ट गडचिरोलीच्या शाळांत शिकवली पाहिजे आणि आपल्या मुलांनाही सांगितली पाहिजे. बाबुराव शेडमाके हे नाव आता सर्वतोमुखी आहे. त्यांच्याबरोबर लढलेल्या रोहिल्यांची नावे मात्र कुणाच्या ओठांवर नाहीत.

मग हिस्लॉप यांना काय म्हणायचे? आपल्या बायकामुलांचा आणि शेजाऱ्यांचा जीव वाचवण्यासाठी मिळालेली खबर कुणीही माणूस पुढे देईल. तेवढ्यासाठी त्यांना दोष देता येत नाही. ज्या मुसलमानाने ती खबर दिली त्यालाही केवळ गद्दार म्हणून मोकळे होता येत नाही. उपकार करणाऱ्याचा जीव वाचवणे हीही त्याच्या इमानाचीच गोष्ट होती. फाशी गेलेले चौघे मात्र आपले शहीद आहेत, हेही तितकेच खरे. इतिहासात अशा जागा येतात जिथे दोन्ही बाजूंना माणुसकी असते आणि तरी एका बाजूला फास असतो. फास ज्याच्या हातात होता त्या सत्तेच्या छायेत हिस्लॉप यांची शाळा चालत होती. सत्तेपासून दूर राहण्याच्या प्रतिज्ञेतून ज्याचे चर्च जन्मले, तो माणूस निर्णायक रात्री सत्तेच्या बाजूला उभा होता. धर्म सांगणाऱ्याने सत्तेच्या किती जवळ राहावे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. जवळ राहिले की अशा रात्री निवड करायला वावच उरत नाही.

टाकळघाटचा नाला

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला. टेंपल हे चीफ कमिशनर झाल्यावर शिक्षण, पुराणवस्तू आणि गोंडांविषयीची माहिती अशा कामांत हिस्लॉप यांचा सल्ला घेऊ लागले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी दोघे नागपूरच्या दक्षिणेला बोरीच्या बाजूला होते. टाकळघाट येथे पुरातन शिळावर्तुळे आहेत. जुन्या काळातल्या दफनाच्या त्या जागा पाहण्यात हिस्लॉप रमले आणि मागे राहिले. वाटेत एका शाळेची तपासणीही करायची होती. संध्याकाळी घोड्यावरून एकटेच परतताना पुराच्या पाण्याने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. घोडा मोकळा परतला तेव्हा शोध सुरू झाला. सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. नागपूरला त्यांचे दफन झाले. बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजावी इतपत लहान, पण शाळा राहिली, दगड राहिले आणि लिंगोचे गाणे राहिले.

त्यांच्यानंतर चांदा

चांदा शहरात पुढे स्कॉटलंडच्याच दुसऱ्या एका चर्चने, एपिस्कोपल चर्चने, मिशन काढले. त्याच्या आरंभीच्या काळात नीलकंठशास्त्री गोरे यांनी तिथे काम केले. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित १८४८ साली ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोरे झाला होता. पंडिता रमाबाईंवर ज्यांचा प्रभाव पडला ते हेच. दक्षिणेला सिरोंचाकडे अमेरिकन मेथडिस्ट मिशनने काम सुरू केले. १८९८ च्या सुमारास अ‍ॅलेक्स वूड नावाचा तरुण पाद्री चांद्याला आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. चांद्याच्या अनुभवांवर वूड यांनी १९०६ साली पुस्तक लिहिले. १९२६ मध्ये ते नागपूरचे बिशप झाले.

याच बिशप वूड यांच्यापुढे १९३२ साली एक तरुण इंग्रज उभा राहिला. त्याचे नाव व्हेरिअर एल्विन. १९२७ मध्ये तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला होता, गांधीजींच्या सहवासात खादी घालू लागला होता. त्याला गोंडांमध्ये काम करायचे होते. बिशपांनी परवान्यासाठी ब्रिटिश राजाशी एकनिष्ठतेची शपथ घ्यायला सांगितले. एल्विनने नकार दिला आणि परवाना मिळाला नाही. ज्या वूडने ऐन तारुण्यात चांद्याच्या गोंडांसाठी घाम गाळला, तो म्हातारपणी शपथपत्र पुढे करून बसला होता. एल्विन मराठी मित्र शामराव हिवाळे यांच्यासह करंजियाला गेला. जिथे जर्मन मिशनऱ्यांच्या कबरी होत्या तेच हे गाव. शाळा काढली, दवाखाना काढला, महारोग्यांसाठी घर बांधले आणि कुणालाही ख्रिस्ती करायचे नाही असे ठरवले. गोंड खेड्यातल्या त्या रोजच्या जगण्याची रोजनिशी त्याने १९३६ साली प्रसिद्ध केली. १९३५ मध्ये त्याने चर्चच सोडले होते. शिकवायला गेलेला माणूस शिकून परतला.

स्वातंत्र्यानंतर चांदा मध्य प्रदेशात असतानाच, १९५४ साली तिथल्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. १९५६ च्या तिच्या अहवालाने धर्मांतरावर बंधने सुचवली. त्याच वर्षी विदर्भ मध्य प्रदेशातून बाहेर पडला. पण त्या अहवालातले युक्तिवाद देशभर फिरत राहिले आणि पुढे कित्येक राज्यांच्या कायद्यांत उतरले. त्यांचा रोख आधी ख्रिश्चनांवर होता. नंतर तो आपल्यावरही वळला, हे आपण पाहतोच आहोत.

रानात जाण्याच्या इतरही तऱ्हा याच मातीत निघाल्या. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले, रुग्णांकडूनच माडिया भाषा शिकले. १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत काम करू लागले आणि त्यांनी आदिवासींना परके वाटू नये अशा घडणीचा दवाखाना दंतेश्वरी देवीच्या नावाने उभारला. या दोन्ही ठिकाणी कुणी कुणाचा धर्म विचारला नाही.

आपल्यासाठी

ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठीत लिहायला सुरुवात केली त्याच शतकात आपले शेख महंमद श्रीगोंद्याला बसून ‘योगसंग्राम’ लिहीत होते. म्हणजे लोकांच्या भाषेत बोलण्याचा धडा आपल्याला कुणा पाद्र्याकडून घ्यायला नको होता. सूफींनी दखनीत जात्यावरची आणि चरख्यावरची गाणी रचली, ती याच समजुतीने. मधल्या काळात हा वारसा आपण सैल सोडला. आजही कित्येक मराठी गावांत जुम्याचे बयान अशा उर्दूत होते, जी निम्म्या मुसल्लींना नीट कळत नाही. हिस्लॉप यांनी मराठी शिकायला पहिली वर्षे दिली. आपल्याला तर ती आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. दीनमध्ये सक्ती नाही, ही शिकवण आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पण सक्ती न करणे आणि समोरच्याला ओळखणे यांत फरक आहे. एखाद्या गोंड शेजाऱ्याला आपण त्रास देत नाही, पण त्याच्या लिंगोविषयी आपल्याला काहीच माहीत नसते. शेजाऱ्याचा हक्क मानणाऱ्या उम्मतीला हे शोभत नाही. अहेरी, आलापल्ली, सिरोंचा, बल्लारपूर, वरोरा इथे आपली घरे आहेत, दुकाने आहेत, मुले शिकून शिक्षक आणि डॉक्टर झाली आहेत. त्यांच्यापैकी एकाने जरी वही घेऊन म्हाताऱ्या परधानाजवळ बसायचे ठरवले, रोहिल्यांची नावे जुन्या दप्तरांत शोधायचे ठरवले, तरी फार मोठे काम होईल. त्यासाठी मिशन नको, परवाना नको आणि सरकारचा वशिलाही नको.

हिस्लॉप यांच्या धर्माशी आपला मतभेद आहे आणि त्यांच्या राज्यकर्त्यांशी तर आपल्या पूर्वजांनी रक्ताने हिशेब केला आहे. तरीही परक्या मुलखात येऊन, तिथल्या माणसाची भाषा शिकून, त्याचे गाणे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवणाऱ्या माणसाचे ऋण मान्य करायला आपल्याला अडचण वाटू नये. बाबुराव शेडमाके यांची फाशीची जागा चंद्रपूरला आहे, शहिदांच्या कबरी सीताबर्डीला आहेत आणि हिस्लॉप यांची कबर नागपूरच्याच मातीत आहे. तिन्ही ठिकाणी जाऊन यायला एक दिवस पुरतो. शाळेची सहल नेणाऱ्या आपल्या शिक्षकांनी ती वाट एकदा जरूर धरावी.